कारणाचा रकाना

वाडीत अर्ज लिहिता येणारा माणूस एकच होता, आणि अर्ज त्याच्याच विरुद्ध लिहायचा होता.

संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, पऱ्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली चौतीस घरांची ही वाडी. नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारच्या चार वाड्या म्हणतील, गोष्ट आमची आणि नाव त्यांचं कसं? शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, चिऱ्याच्या दोन खोल्या, वर कौलं. गुरुजी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याचे. 2010 च्या भरतीत रत्नागिरी जिल्हा परिषदेत लागले, आठ वर्षं दुसऱ्या तालुक्यात काढली आणि 2018 च्या बदल्यांत या वाडीत आले. वाडीत कुणाचं रेशनकार्ड फाटलं, कुणाचा वीजमीटर पळायला लागला, कुणाचा बाप गेला आणि सातबाऱ्यावर वारस लावायचे झाले, की कागद गुरुजींपुढे. त्यांचं अक्षर तहसील कचेरीतले कारकूनही ओळखायला लागले होते.

2023 च्या उन्हाळ्यात गुरुजींचं नाव आंतरजिल्हा बदलीच्या यादीत आलं. त्या वर्षी जिल्ह्यातून शेकडो शिक्षक एकदम कार्यमुक्त होत होते. संध्याकाळी सहाणेवर गावकी बसली. शिमग्याला पालखी जिथे टेकते त्या चौथऱ्यावर एरवी चार-सहा म्हातारे असायचे, पण मे महिना होता, मुंबईकर आलेले होते, त्यामुळे बसायला जागा नव्हती. ठरलं असं की जिल्हा परिषदेला अर्ज करायचा: आमच्या गुरुजींना सोडू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग अर्ज लिहायचा कुणी, यावर सगळे गप्प झाले. अखेर दोन पोरांना शाळेकडे पिटाळलं.

गुरुजी आले. विषय ऐकला. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. फुलस्केप कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं, ‘जि. प. प्राथमिक शाळेतील उपशिक्षकांस कार्यमुक्त न करणेबाबत.’ मग तात्यांकडे बघून म्हणाले, “सांगा.”

तात्या वाडीचे गावकार. त्यांनी सांगितलं, बाकीच्यांनी भर घातली. दोन शिक्षकांची शाळा, दुसरी जागा आधीच रिकामी, हे गेले तर शाळा शून्यशिक्षकी होणार. पलीकडच्या शाळेत जायचं तर पऱ्यावरचा साकव ओलांडावा लागतो आणि जुलैत तो पाण्याखाली असतो. मुलं लहान आहेत. गुरुजींनी सगळं नीट, सरकारी भाषेत उतरवलं, एका जागी तर “हे जरा जोरात लिहू या” म्हणून स्वतःच वाक्य दुरुस्त केलं. मग पेन थांबलं.

“एक कारण राहिलं.”

“कुठलं? सगळं तर सांगितलं.”

“तुम्हाला मी का हवा, ते सांगून झालं. मला वाडी का हवी, ते सांगा. तेवढी ओळ मोकळी आहे.”

लोक विचारात पडले. एकजण म्हणाला, पहिली काकडी शाळेत जाते. दुसरा म्हणाला, फणस, आंबे, कधी कशाला कमी पडू दिलं नाही. तिसरा म्हणाला, शिमग्याला पालखी शाळेच्या पडवीत नाचवतो आम्ही. गुरुजी म्हणाले, “खरं आहे, आणि मी ते विसरायचो नाही. पण माझी मुलगी सहावीत आहे आणि तिला मी दिवाळीत आणि मे महिन्यात दिसतो. बायको तिकडे आरोग्य केंद्रात नर्स आहे. आईला साखर आहे. तेरा वर्षं मी, आधी दुसरीकडे आणि आता देवरुखला, भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर भात लावतोय. या ओळीत काय लिहू?”

कुणी काही बोललं नाही. ओळ मोकळीच राहिली आणि अर्ज सह्यांना फिरला. सह्या भराभर झाल्या. काकी, तात्यांच्या नात्यातल्या, सत्तरीच्या, कडेला तांदूळ निवडत बसल्या होत्या. अंगठा द्यायची त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी कागद हातात घेतला, वाचता येत नसताना वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, “सह्या करणाऱ्यांत परतीचं तिकीट नाय असं कोन हाय रे? सोमवारी तुमी सगळे गाडीत बसनार. आनि ऱ्हायचं एकट्या गुर्जींनी.”

मुंबईकर हसले. काकींना सगळेच हसायचे. त्यांनी अंगठा मात्र दिला.

हसण्यावारी नेलं तरी बोलणं जिव्हारी लागण्यासारखं होतं. रत्नागिरी हा माणसं पाठवणारा जिल्हा. आधी गिरण्यांत पाठवली, मग कंपन्यांत, मग नालासोपारा, विरार, दिव्याच्या चाळींत. तात्या स्वतः परळच्या गिरणीत होते, 1982 च्या संपात घरी आले ते कायमचे. मनीऑर्डरवर चुली पेटायच्या तो काळ गेला, आता पैसे फोनवर येतात. माणूस मात्र गणपती-शिमग्यालाच येतो. 2001 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाख सत्त्याण्णव हजारांच्या घरात होती, 2011 मध्ये ती सोळा लाख पंधरा हजारांवर आली. राज्य वाढत असताना हा जिल्हा आकसला. दर हजार पुरुषांमागे 1122 बायका, हा त्याच जनगणनेतला आकडा. भाषणात तो अभिमानाने सांगतात, पण त्याचा निम्मा अर्थ एवढाच की पुरुष इथे नाहीत. ज्या वाडीला स्वतःचे मुलगे राखता आले नाहीत, ती परक्या मुलुखातल्या माणसाने आपल्यात म्हातारं व्हावं म्हणून अर्ज करत होती.

आणि परक्या मुलुखातली माणसं इथेच का येतात, तेही सांगून टाकतो. मराठवाड्यात, सोलापूर-सांगलीकडे, विदर्भात डी.एड. झालेली मुलं चिक्कार. त्यांच्या जिल्ह्यांत जागा थोड्या. 2012 नंतर भरती जवळजवळ थांबली, 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आलं, आणि गुणवत्ता यादी राज्यभराची झाली. घरचा जिल्हा भरलेला, कोकण रिकामं. मग मुलगा कोकण टाकतो, नोकरी पकडतो आणि पहिल्या दिवसापासून घराकडे तोंड करून बसतो. घरी जायचं तर तिकडे त्याच्या प्रवर्गाच्या बिंदूवर जागा रिकामी व्हावी लागते, म्हणून तो दहा-दहा वर्षं यादीकडे डोळे लावतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले डी.एड. झालेले तरुण म्हणतात, आम्ही इथले, आम्ही टिकलो असतो, आम्हाला घ्या. त्यांचंही खरं. लातूरची मुलगी म्हणते, परीक्षा सगळ्यांना एकच होती, मी जास्त गुण मिळवले. तिचंही खोटं नाही. या दोन खऱ्यांच्या मध्ये पहिली ते चौथीची सोळा पोरं बसलेली असतात, फळ्यावर कालची तारीख.

अर्ज तात्यांनी देवरुखला पंचायत समितीत नेऊन दिला, आवक क्रमांक घेतला, झेरॉक्स काढून ट्रंकेत ठेवली. गुरुजी आठवड्याने कार्यमुक्त झाले. जाताना हजेरीपत्रक, तांदळाचा साठा, दाखल्यांचं रजिस्टर, सगळं मोजून दिलं. घ्यायला कुणी शिक्षक नव्हता म्हणून केंद्रप्रमुखांनी घेतलं.

त्या जूनमध्ये शाळा उघडली ती कामगिरीवरच्या शिक्षकाने. पलीकडच्या शाळेतले गुरुजी दोन दिवस इकडे, उरलेले दिवस तिकडे. म्हणजे दोन्ही शाळांना मास्तर होते आणि दोन्हींना नव्हते. जुलैत सरकारने निवृत्त शिक्षकांना वीस हजारांच्या मानधनावर घ्यायचं ठरवलं. एक गुरुजी आलेही. भले गृहस्थ, पाढे म्हणवून घेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नसता. पण वय झालेलं, पावसात पाखाडी निसरडी, गुडघ्यांनी गणपतीपर्यंत साथ दिली. ज्यांची ऐपत होती त्यांनी मुलं महामार्गावरच्या इंग्रजी शाळेत घातली, व्हॅन फाट्यावर येऊ लागली. पटावर सोळाची नऊ झाली. कायदा म्हणतो साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, पण पट नऊवर आला की कायद्यालाही जीव राहत नाही. शिक्षक नाही म्हणून मुलं जातात, मुलं नाहीत म्हणून शिक्षक मिळत नाही.

मार्च 2024 मध्ये बाई आल्या. लातूर जिल्ह्यातल्या, औसा तालुक्याच्या. कडेवर अडीच वर्षांची मुलगी. नवरा चाकणला कंपनीत. शिक्षणसेवक म्हणून नेमणूक, तीन वर्षं महिना सोळा हजार, नंतर कायम. आधी हे मानधन सहा हजार होतं, त्याआधी तीन; तेव्हा सोळा ऐकून वाडीतल्या दोघा-तिघांना ते बरंच वाटलं. त्यांनी खोलीभाडं, एस.टी., दूध आणि दर दोन महिन्यांनी लातूरचं तिकीट यांची बेरीज केली नव्हती.

पहिल्या दिवशी शाळेच्या पडवीत जो आला त्याने बाईंना एकच विचारलं, “किती दिवस हाय तुमी?” बाई प्रत्येकाला “बघू” म्हणाल्या. चौथ्याने विचारलं तेव्हा काकी खेकसल्या, “घरात सून आली की उंबऱ्यातच इचारता काय, माहेरला कधी जानार म्हनून? पानी तरी द्या तिला आधी.”

बाई देवरुखला राहू लागल्या. सकाळची गाडी फाट्यावर सोडायची, तिथून तीन किलोमीटर चाल. मुलगी घरमालकिणीकडे, पैसे देऊन. पावसाळा लागला आणि बाईंना कोकण कळलं. चार दिवस कपडे वाळेनात, वह्यांना बुरशी, चपलेत गोगलगाय. एकदा पोरांसमोरच रडल्या आणि मग डोळे पुसून पोरांवरच ओरडल्या. शाळेची ऑनलाइन माहिती भरायला नेटची रेंज हवी आणि ती सड्यावर. छत्री धरायला एक पोरगा घेऊन त्या चढायच्या, आधारची नोंद, पोषण आहाराचा तांदूळ, कुणी किती खाल्ला, सगळं वर उभं राहून भरायच्या. त्यात मतदार याद्यांचं काम आलं. शिक्षणहक्काच्या कायद्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं शिक्षकांना द्यायची मुभा आहे. पण या तीन दारांतून किती आत येतं हे एकदा एखाद्या एकशिक्षकी शाळेत बसून बघावं. बाई लवकर निघाल्या तर गाडी मिळे, मिळाली नाही तर फाट्यावर अंधार.

वाडीच्या ग्रुपवर दिव्याहून कुणीतरी लिहिलं, ‘बाई मुख्यालयी राहत नाहीत. घरभाडं मात्र खातात. तक्रार करा.’ खाली अंगठे आले, एकोणतीस.

तात्या तक्रार करणारे नव्हते, पण विचारायला म्हणून शाळेत गेले. बाईंनी फोनवर पगाराचा मेसेज दाखवला. “तात्या, मला घरभाडं मिळतच नाही. ठरलेलं मानधन, त्यावर एक पैसा नाही. आणि राहत नाही असं कोण म्हणतं? उद्या येते राहायला. खोली दाखवा.”

तात्या म्हणाले, “चला, दाखवतो.”

आता चौतीस घरांपैकी एकोणीस घरांना कुलपं. खोल्यांना काय तोटा? दोघं निघाले. पहिलं घर तीन भावांचं, एक विरारला, एक सुरतेला, एक वारलेला. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर. किल्ली कुणाकडे आहे यावरूनच भावांचं बोलणं बंद. दुसऱ्या घरात देव्हारा आणि गणपतीची खोली, तिथे बाहेरचं माणूस कसं चालेल? तिसऱ्या घरमालकाला तात्यांनी तिथूनच फोन लावला. उत्तर आलं: भाड्याने दिलं की उद्या कूळ लागेल. तात्यांनी समजावलं, घराला कूळ लागत नाही, शेताला लागतं. तो म्हणाला, आमच्या काकांना असंच समजावलं होतं. चौथं घर चांगलं, सिमेंटचं, टाइल्स लावलेलं. मालक म्हणाला, एकटी बाईमाणूस, उद्या कमी-जास्त झालं तर नाव आमचं. पाचव्याचं छप्पर मागच्या पावसात बसलेलं होतं आणि मालकाला ते माहीत नव्हतं. तात्यांनी सांगितलंही नाही. सहाव्या घराच्या कुलपाला गंज चढलेला, त्यात कुंभारमाशीने घर केलेलं. पुढच्या घरांच्या अंगणात दोघं नुसती उभी राहिली आणि पुढे गेली.

दिवेलागणीला शाळेपाशी परत आली तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत. तात्याच म्हणाले, “आधीच्या गुर्जींनी अर्जात एक ओळ मोकळी सोडली होती. शिक्षकानं इथं का ऱ्हावं. वर्षभर मी इचार करतोय, काय लिहायचं होतं. आज कळलं, लिहायला कायच नव्हतं.”

काकींना हे रात्री कळलं. काकींचं घर चौसोपी नव्हे, साधंच, पण त्याचा पुढचा भाग लेकाने वेगळा बांधून घेतलेला. लेक नालासोपाऱ्याला, टेम्पो चालवतो. बारा वर्षांची पुंजी घालून त्याने एक खोली केली: पत्रा नव्हे, स्लॅब, पंखा, कपाट, प्लायवूडचा पलंग, त्यावर अजून प्लॅस्टिक. वर्षात पंधरा दिवस उघडायची. किल्ली काकींच्या बटव्यात. सकाळी काकींनी ती खोली उघडली, पलंगाचं प्लॅस्टिक फाडलं आणि बाईंना निरोप धाडला. लेकाला विचारलं नाही.

लेकाला मात्र ग्रुपवरून कळलंच. फोन आला तो शेजारच्या घरी, काकी तिथे गेल्या.

“आये, माझ्या खोलीत?”

“तुझ्या खोलीत पाली अंडी घालतात. तिच्यापेक्षा ही पोर बरी.”

“गणपतीला आम्ही आलो की?”

“तवा ती लातूरला जानार, तिच्याकडे महालक्ष्म्या असतात. मी इचारून घेतलंय. तुजी आय येडी नाय.”

हे असं जमलं, आणि ते कुणाच्या धोरणात नव्हतं. मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि लेकीसुनांनी त्या दिवसांत घरी असायलाच लागतं. कोकणातल्या शाळांना गणपतीची सुट्टी असते. खोलीचा मालक येतो तेव्हाच भाडेकरू जातो. भाड्याचा प्रश्न निघाला तेव्हा काकींनी विजेचं बिल बाईंवर टाकलं आणि वर महिन्याला पाचशे घेतले, कारण फुकट राहणारं माणूस संकोचाने लवकर जातं, असं त्यांचं म्हणणं.

पुढे सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. मुलगी काकींजवळ राहू लागली, बाईंची तीन किलोमीटरची चाल वाचली, संध्याकाळी पोरं ओटीवर पाढे घोकायला येऊ लागली, हे खरं. व्हॅनने जाणाऱ्यांपैकी एक मुलगा परत आला. त्याच्या धाकट्या बहिणीला बापाने इंग्रजी शाळेतच ठेवलं, आणि त्याला कुणी दोष देऊ नये, दोन वर्षांत तीन मास्तर बघितलेला बाप तो. बाईंचा आवाज चढा. कोकणातल्या बायकांना तो भांडल्यासारखा वाटे. भाजीत शेंगदाण्याचं कूट घालतात म्हणून काकी कुरकुरत आणि नारळाशिवाय यांना जेवण दिसत नाही म्हणून बाई. आणि बाई खोटं बोलत नसत. कुणी विचारलं तर सरळ सांगत, “संधी मिळाली की मी जाणार. नवरा एकीकडे, मी एकीकडे, किती वर्षं?” लोकांना ते लागायचं. एवढं केलं, तरी जाणारच म्हणते? तात्यांनाही लागलं असावं. पण एकदा कुणीतरी तसं बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “मी परळला बारा वर्षं होतो. चाळवाल्यांनी मला मायेनं ठेवलं. म्हनून मी घरी यायचं सोडलं काय?”

जतला गेलेले गुरुजी दिवाळीला फोन करतात. शाळा मोठी आहे, आई बरी आहे, मुलगी आता आठवीत. तिला वडील घरात असण्याची सवय अजून व्हायची आहे, असं हसत सांगतात. वाडीतल्या अर्जांचे फोटो अजून त्यांच्याकडे जातात आणि दुरुस्त होऊन येतात. बाईंना अर्ज लिहायला कुणी सांगत नाही. त्यांनी पहिल्याच महिन्यात चौथीच्या पोरांना अर्ज लिहायला शिकवलं आणि सांगितलं, घरचा कागद आता तुम्ही लिहायचा. वारस नोंदीचा एक अर्ज नऊ वर्षांच्या मुलीच्या हातचा गेला आणि तलाठ्याने घेतला.

2025 च्या उन्हाळ्यात बाईंनी अभियोग्यता चाचणी पुन्हा दिली. कायम व्हायला अजून दोन वर्षं बाकी असताना, मिळालेली नोकरी हातात ठेवून, घरचा जिल्हा मिळेल या आशेवर. अशी परीक्षा देणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. निकाल ऑगस्टमध्ये लागला. गुण आधीपेक्षा चांगले. ग्रुपवर तासाभरात पसरलं.

गणपतीला मुंबईकर आले, बाई महालक्ष्म्यांना गेल्या. पाचव्या दिवशी सहाणेवर वाडीच्या मुंबई मंडळाची बैठक. मंडळाने दोन वर्षं वर्गणी गोळा करून शाळेला कमान बांधायचं ठरवलं होतं. नकाशा छापून आणला होता: दोन खांब, वर सरस्वती, खाली देणगीदारांची नावं, संगमरवरात. खजिनदार भाऊंनी नकाशा फिरवला. लोकांनी आपापलं नाव शोधलं.

मग दिव्याचा तोच गृहस्थ उठला. बाई जाणार, तर आत्ताच निवेदन द्यायला हवं, आमदारांना भेटायला हवं, एवढा खर्च करून कमान बांधायची आणि आत शिकवायला कुणी नाही, हे वाडीला शोभत नाही. दोघा-तिघांनी त्याला दुजोरा दिला. तिघा-चौघांनी बाईंचा उपकार न मानण्याचा स्वभाव काढला.

काकींचा लेक इतका वेळ मागे उभा होता. त्याला बैठकीत बोलायची सवय नाही. तो म्हणाला, “मी काल पहाटे न्हाणीत गेलो. आमचं न्हाणीघर मागं आगरात, झापांचं. दार म्हणजे पोतं. काल तिथे नागीण निघाली. मी गडी माणूस, पंधरा दिवस येतो, चालतं. पन बाई वर्षभर तिथंच आंघोळ करतायत. पहाटे चारला, उजेडायच्या आत. आये म्हनली, लहान पोरगी बाहेर काठी घेऊन उभी असते.”

कुणी काही बोललं नाही. भाऊंनी नकाशाची घडी घातली, उलगडली.

“म्हणजे काय म्हणतोस?”

“चिऱ्याचं न्हाणीघर आनि संडास. आत नळ. दाराला कडी. कमानीच्या निम्म्यात व्हईल.”

आता गोंधळ झाला. वर्गणी शाळेसाठी घेतली, ती खासगी घराच्या न्हाणीघराला कशी घालायची? हिशेब कोण देणार? मंडळाची घटना काय म्हणते? हा आपल्या घराचं काम मंडळाच्या पैशात करून घेतोय, असंही एकाने म्हटलं, आणि लेकाचा चेहरा पडला. ते म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तात्यांनी मधला मार्ग काढला: मग काकींच्या घरी नको, शाळेच्या आवारात बांधू, त्याला लागून एक खोली काढू, म्हणजे कुणाच्या मेहेरबानीवर राहायला नको. खोली जिल्हा परिषदेच्या जागेत, म्हणजे परवानगी लागणार. परवानगी म्हणजे अर्ज. एक पोरगी उठली, वही आणायला घरी पळाली.

भाऊ हिशेबी माणूस. त्यांनी चिरे, सिमेंट, पत्रा, गवंडी, सगळं तिथेच पाठीमागच्या कागदावर मांडलं. कमान काही बसेना. सरस्वतीही बसेना. देणगीदारांच्या नावांचं काय, असं दोघांनी विचारलं. न्हाणीघरावर नावं लावायची कल्पना त्यांना पसंत पडली नाही. रात्रीचे साडेअकरा झाले, आरतीला उशीर झाला म्हणून बायका घरातून हाका मारू लागल्या. फरशी घालायची की नुसता कोबा, यावर अर्धा तास गेला. शेवटी भाऊंनी पावतीपुस्तक उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि थांबले.

“सगळं खरं. पण समजा एवढं बांधलं आणि डिसेंबरात बाई गेल्या लातूरला. मग?”

काकी उठत होत्या, गुडघ्यावर हात ठेवून. वळून म्हणाल्या, “मग काय? पुढली येईल ती काय बिनआंघोळीची ऱ्हानार हाय? लिव पावती.”